रेड ब्यूटजवळची युरेनियमची खाण आणि हवासुपाईंचं पाणी

माळरान (धागाकर्ती)

ग्रँड कॅन्यन बघायला जाणारी आपली बहुतेक मंडळी अ‍ॅरिझोनातल्या विल्यम्सहून महामार्ग ६४ नं वर येतात. मैलोन् मैल पिवळं गवत, मग जुनिपर आणि पिन्यन पाइनची बुटकी झाडी, आणि टुसायन यायच्या थोडं आधी उजव्या हाताला एकटाच उभा असलेला डोंगर. अंग तांबडं, माथा काळ्या कातळाचा. तोच बसाल्ट, जो आपण सह्याद्रीत पाहतो. हा रेड ब्यूट. इथे सहसा कुणी थांबत नाही, कारण कॅन्यन आता अर्ध्या तासावर आलेली असते.

हवासुपाई जमातीसाठी हा डोंगर आणि त्याच्या भोवतीची कुरणं पवित्र आहेत. त्यांच्या उत्पत्तिकथा इथल्या, प्रार्थना इथल्या, औषधी झाडपाला आणि पिन्यनच्या बिया गोळा करायच्या जागा इथल्या. या डोंगरापासून काही मैलांवर कायबाब राष्ट्रीय वनात १७ एकरांचं एक कुंपण आहे. आत शाफ्टवरचा (खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीवरचा) लोखंडी मनोरा, पाण्याचं मोठं तळं आणि खनिजाचे ढीग. ही पिन्यन प्लेन खाण. आधी तिचं नाव कॅन्यन माइन होतं. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यापासून ती जेमतेम १६ किलोमीटरवर आहे आणि २०२४ च्या सुरुवातीपासून तिथून युरेनियम निघतंय.

ही सगळी जमीन सरकारी, म्हणजे सार्वजनिक आहे आणि कागदोपत्री संरक्षित आहे. २०१२ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री केन सालाझार यांनी कॅन्यनच्या भोवतीच्या सुमारे १० लाख एकरांवर नवे खाणदावे नोंदवायला २० वर्षांची बंदी घातली. (तिकडचं गृहखातं म्हणजे सार्वजनिक जमिनी आणि आदिवासींचे विषय बघणारं खातं, पोलिसांचं नव्हे.) ८ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्राध्यक्ष बायडन रेड ब्यूटच्या धावपट्टीवर आले आणि ९ लाख १७ हजार एकरांचं राष्ट्रीय स्मारक त्यांनी जाहीर केलं. त्याचं नाव ‘बाज न्वाव्जो इता कुकवेनी’, अर्धं हवासुपाई आणि अर्धं होपी भाषेतलं. हवासुपाई, होपी, हुआलापाई, नवाहो, झुनी, पायूट, अपाची अशा अनेक जमातींनी एकत्र येऊन ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली होती.

आणि त्या घोषणेनंतर पाच महिन्यांत, त्याच स्मारकाच्या हद्दीत, खाण सुरू झाली.

हवासुपाईंबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय हा राग समजणार नाही. ते कॅन्यनच्या पोटातल्या एका बाजूच्या दरीत राहतात, सुपाई नावाच्या गावात. गावाला रस्ता नाही. हुआलापाई हिलटॉपला गाडी लावून आठ मैल खाली चालायचं, नाहीतर खेचर, नाहीतर हेलिकॉप्टर. टपाल अजूनही खेचरांवर जातं. पूर्वी ते उन्हाळ्यात दरीत शेती करायचे आणि हिवाळ्यात वर पठारावर, म्हणजे आज जिथे ही खाण आहे त्या भागात, शिकारीला आणि बिया गोळा करायला यायचे. १८८२ मध्ये सरकारनं त्यांना दरीतल्या ५१८ एकरांत कोंडलं. वरचं पठार गेलं. १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि उद्यानात आलेल्या भागात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या हवासुपाईंना हळूहळू हाकलून लावलं. ब्राइट एंजल पायवाटेवर जिथे सगळे पाणी भरायला थांबतात, ती हिरवी जागा त्यांची शेतं होती. २०२२ मध्ये तिला ‘हवासुपाई गार्डन्स’ असं नाव मिळालं. १९७५ मध्ये बऱ्याच लढ्यानंतर त्यांना १ लाख ८५ हजार एकर परत मिळाले. रेड ब्यूट त्यात नाही.

सुपाईतून वाहणारा हवासू ओढा आणि त्याचे निळेशार धबधबे आपण सगळ्यांनी फोटोत पाहिलेत. तो झऱ्यांवर चालतो. झरे भूजलावर चालतात. ते भूजल वरच्या पठारावर पडणाऱ्या पावसा-बर्फाचं. म्हणजे जमातीचं पिण्याचं पाणी, शेती आणि पर्यटनाची कमाई हे सगळं त्याच दगडांतून झिरपून खाली येतं ज्यांत ही खाण खोदली आहे. २०१६ मध्ये शाफ्ट खोदताना वरच्या थरातलं भूजल फुटलं. तेव्हापासून कोट्यवधी गॅलन पाणी उपसलं गेलंय. त्यात आर्सेनिक आणि युरेनियम पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळलं. तळं भरून वाहू नये म्हणून ते पाणी मोठ्या फवाऱ्यांनी हवेत उडवलं गेलं. आधीच कोरड्या असलेल्या पठारावर!

माझं म्हणणं सरळ आहे. ही खाण बंद व्हावी आणि या भूमीत खाण काढायची की नाही हे ठरवायचा अधिकार त्या पाण्यावर जगणाऱ्यांकडे असावा. आज त्यांना सुनावणीत बोलायचा हक्क आहे, पत्र पाठवायचा हक्क आहे, ‘नाही’ म्हणायचा मात्र नाही.

अ‍ॅरिझोनात, न्यू मेक्सिकोत, युटात राहणाऱ्या मराठी मंडळींनी जरूर लिहावं. विरोधी मतही ऐकायचंय.

---

पानगळ

फार चांगला धागा. मी त्या रस्त्यानं गेलोय आणि खरंच तो डोंगर पाहिल्याचं आठवत नाही. एक कळलं नाही. राष्ट्रीय स्मारक जाहीर झाल्यावर खाण सुरूच कशी होऊ शकते?

---

माळरान

पानगळ, घोषणेत ‘आधीपासूनचे वैध हक्क’ वगळलेले असतात. या खाणीचा आराखडा वन खात्यानं १९८६ मध्ये मंजूर केला. नंतर युरेनियमचा भाव कोसळला आणि खाण कित्येक वर्षं तशीच पडून राहिली. २०१२ मध्ये नवे दावे बंद झाले तेव्हा वन खात्यानं निर्वाळा दिला की या खाणीचा हक्क जुना आणि वैध आहे. त्यामुळे आजही ती मुख्यतः १९८६ च्या पर्यावरण अहवालाच्या जोरावर चाललीय. अ‍ॅरिझोनाच्या महाधिवक्ता क्रिस मेयस यांनी २०२४ मध्ये वन खात्याला लेखी सांगितलं की हा अहवाल कालबाह्य झालाय, नव्यानं अभ्यास करा.

आणि या सगळ्याच्या मुळाशी १८७२ चा खाण कायदा आहे. सार्वजनिक जमिनीवर जा, खनिज शोधा, खुंट्या ठोका, दावा नोंदवा. सोनं, तांबं, युरेनियम यांवर केंद्र सरकारला एक पैसा रॉयल्टी द्यावी लागत नाही. कोळसा आणि तेलावर लागते, यांवर नाही. हा कायदा झाला तेव्हा इथल्या आदिवासींना नागरिकत्वसुद्धा नव्हतं. ते १९२४ मध्ये मिळालं.

---

भूगर्भ

भूशास्त्राचा विद्यार्थी म्हणून थोडी भर घालतो, कारण ‘पाणी दूषित होईल’ आणि ‘काही होणार नाही’ ही दोन्ही विधानं फार सहज केली जातात.

तिथलं युरेनियम ‘ब्रेशिया पाइप’मध्ये असतं. खूप खोल, रेडवॉल नावाच्या चुनखडीत, गुहा तयार झाल्या. त्यांची छतं ढासळली, मग त्यांच्या वरचे थर ढासळले, आणि असं होत होत शेकडो मीटर उंचीचा उभा खांब फुटक्या दगडांनी भरला. जुनी विहीर आतून खचत जाऊन दगडधोंड्यांनी बुजावी तसा. त्या फटींतून खनिजयुक्त पाणी फिरलं आणि युरेनियम साचलं. अमेरिकेतल्या इतर साठ्यांच्या मानानं हे खनिज श्रीमंत असतं, म्हणूनच एवढ्याशा १७ एकरांसाठी एवढा आटापिटा.

युरेनियम ऑक्सिजन नसलेल्या बंद जागेत बहुतेक घट्ट बसून राहतं. हवा आणि पाणी आत शिरलं की त्याचं रूप बदलतं आणि ते पाण्यात विरघळायला लागतं. शाफ्ट खोदणं म्हणजे नेमकं हवा आणि पाणी आत सोडणं. खाण बंद झाल्यावर ते पाणी पुन्हा भरणार, आणि मग ते कुठे जाणार हा खरा प्रश्न.

वरचा कोकोनिनो थरातला साठा आणि खालचा रेडवॉल-मुआव थरातला साठा यांच्यामध्ये पाणी न सोडणारे थर आहेत, असं कंपनीचं आणि परवाना देणाऱ्यांचं म्हणणं. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलं की हा प्रदेश भेगांनी चिरलेला आहे, वरखालचे साठे जोडलेले आहेत आणि खाण बंद करणंच शहाणपणाचं आहे. मला हे दुसरं म्हणणं अधिक पटतं.

पण दुसरी बाजूही नोंदवायला हवी. अमेरिकी भूशास्त्र सर्वेक्षणानं कॅन्यन परिसरातल्या २०६ ठिकाणच्या भूजलाचा आढावा घेतला, तेव्हा जवळजवळ ९५ टक्के ठिकाणी युरेनियम पिण्याच्या मर्यादेच्या आत होतं. म्हणजे आज सगळं पाणी विषारी आहे, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. माझ्या दृष्टीनं हा आकडा खाणीच्या विरोधातलाच आहे. पाणी अजून चांगलं आहे, तेव्हाच ते राखायचं असतं.

---

वीजवाहक

धागा तळमळीनं लिहिलाय, पण मी वेगळं मत मांडतो. अणुवीज क्षेत्रात बराच काळ काम केलंय.

अमेरिकेत सुमारे ९४ अणुभट्ट्या आहेत आणि देशाची साधारण १८-१९ टक्के वीज त्यांतून येते. फिनिक्समधल्या मराठी घरांतले एसी जुलैत ज्या विजेवर चालतात तिचा मोठा वाटा पालो व्हर्देचा आहे. वाळवंटात, शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून त्यानं थंड केलेला प्रकल्प. त्याचा धूर नाही, कार्बन नाही. हवामान बदलानं याच हवासुपाईंच्या दरीत पूर येताहेत आणि दुष्काळ पडताहेत. मे २०२४ मध्ये रशियन युरेनियमच्या आयातीवर बंदीचा कायदा झाला. मग इंधन कुठून आणायचं? स्वतःच्या देशात नको, परक्या देशातून आणा, म्हणजे तिकडच्या लोकांनी सोसावं असंच ना? कझाकस्तानच्या खाणींवर कुणी धागे काढत नाही.

दुसरं, नवाहोंच्या जमिनीवरच्या जुन्या युरेनियम खाणींत जे झालं ते शीतयुद्धाच्या घाईत झालं. तेव्हा खाणीत वायुवीजन नव्हतं, नियम नव्हते. आजची खाण तशी नसते. तळ्याला अस्तर असतं, निरीक्षण विहिरी असतात, परवाना असतो, बंद करताना जागा पूर्ववत करण्याची अनामत असते. १७ एकरांच्या खाणीला चेर्नोबिलच्या रांगेत बसवू नये.

---

माळरान

वीजवाहक, तुमचा प्रतिसाद महत्त्वाचा आहे. मी अणुविजेच्या विरोधात नाही. पालो व्हर्दे चालू राहावा असंच मला वाटतं.

पण हिशेब बघा. या स्मारकाच्या हद्दीत अमेरिकेच्या ज्ञात युरेनियम साठ्यापैकी साधारण १.३ टक्केच साठा असल्याचं स्मारक जाहीर होताना सरकारनंच सांगितलं होतं. अणुविजेचं भवितव्य या १.३ टक्क्यांवर अडलेलं नाही. वायोमिंग आहे, टेक्सस आहे. ‘दुसरीकडे कुठेतरी कुणालातरी सोसावं लागेल’ हे खरं असलं तरी त्यावरून ‘म्हणून हवासुपाईंनी सोसावं’ हे निघत नाही.

परक्या देशाचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियाचंच उदाहरण घ्या. काकाडू राष्ट्रीय उद्यानाजवळच्या जबिलुका युरेनियम साठ्याला तिथल्या मिरार आदिवासींनी विरोध केला. २००५ मध्ये कंपनीला करार करावा लागला की मिरारांच्या संमतीशिवाय खाण काढणार नाही. २०२४ च्या जुलैत त्या जागेचा खाणपट्टा वाढवून द्यायला सरकारनं नकार दिला. तिथलीच कूंगारा ही दुसरी जागा. जेफ्री ली हे तिचे वारसदार. खाणीला हो म्हटलं असतं तर अफाट श्रीमंत झाले असते. त्यांनी नाही म्हटलं आणि ती जमीन काकाडू राष्ट्रीय उद्यानात घालायला लावली. ऑस्ट्रेलिया तरीही युरेनियम निर्यात करतोच. म्हणजे नकाराला मान देऊनही उद्योग चालतो.

‘आजची खाण तशी नसते’ याबद्दल एवढंच म्हणेन की निरीक्षण विहिरीत जे दिसतं ते घडून गेलेलं असतं. अनामत रकमेनं कुंपणातली जमीन सारखी करता येते. तीन हजार फुटांखालचं भूजल धुऊन काढायची सोय कुणाकडेही नाही.

---

कोरडी_नदी

मी न्यू मेक्सिकोच्या पश्चिम भागात राहते, नवाहो नेशनच्या, म्हणजे नवाहो जमातीच्या स्वायत्त प्रदेशाच्या, सीमेलगत. ‘शीतयुद्धाच्या घाईत झालं’ हे वाक्य वाचून लिहायलाच बसले.

१९४४ ते १९८६ या काळात नवाहोंच्या जमिनीतून जवळजवळ ३ कोटी टन युरेनियम खनिज काढलं गेलं. ५०० हून जास्त सोडून दिलेल्या खाणी अजून तशाच आहेत. खाणीत उतरलेल्या बापयांना रेडॉन या किरणोत्सारी वायूबद्दल कुणी सांगितलं नाही. सार्वजनिक आरोग्य खात्याचे डॉक्टर १९५० पासून त्यांची तपासणी करत होते, नोंदी ठेवत होते, पण धोका मात्र सांगत नव्हते. खाणीतले दगड आणून लोकांनी घरं बांधली, चुली मांडल्या. मुलं त्या ढिगांवर खेळली, मेंढ्या त्या खड्ड्यांतलं पाणी प्यायल्या. आजही नवजात बाळांच्या लघवीत युरेनियम सापडतं. ही शीतयुद्धाची गोष्ट नव्हे, आत्ताची आहे.

१६ जुलै १९७९ ला चर्च रॉकच्या युरेनियम गिरणीचा (खनिज दळून युरेनियम वेगळं करायच्या कारखान्याचा) बांध फुटला. ९ कोटी ४० लाख गॅलन आम्लयुक्त किरणोत्सारी पाणी आणि ११०० टन गाळ पुएर्को नदीत गेला. थ्री माइल आयलंड अणुवीज प्रकल्पाची दुर्घटना त्याच वर्षी मार्चमध्ये झाली होती. ती जगाला माहीत आहे. त्याहून जास्त किरणोत्सार बाहेर टाकणाऱ्या चर्च रॉकचं नाव इथल्या शाळांतल्या मुलांनाही माहीत नसतं. नदीकाठी राहणारे मेंढपाळ नवाहो होते, एवढंच कारण.

म्हणूनच नवाहो नेशननं २००५ मध्ये स्वतःच्या हद्दीत युरेनियमच्या खाणींवर कायद्यानं बंदी घातली.

आता बघा. पिन्यन प्लेनचं खनिज युटामधल्या व्हाइट मेसा गिरणीत जातं. देशातली ती एकमेव चालू पारंपरिक युरेनियम गिरणी. वाट कोणती? विल्यम्स, फ्लॅगस्टाफ, मग कॅमेरून, ट्यूबा सिटी, कायेन्टा. म्हणजे नवाहो नेशनच्या मधोमध. ३० जुलै २०२४ ला पहिले ट्रक न सांगता-सवरता निघाले. नवाहोंचे अध्यक्ष बू नायग्रेन यांनी पोलीस पाठवले, तोवर ट्रक पार झाले होते. मग राज्यपाल केटी हॉब्स यांनी मध्ये पडून वाहतूक थांबवली. जानेवारी २०२५ मध्ये करार झाला. वेळा ठरल्या, झाकणं पक्की करायची ठरलं आणि कंपनीनं जुन्या खाणींचा १० हजार टनांपर्यंतचा कचरा उचलायचा असं ठरलं. काहींना तो चांगला सौदा वाटतो. माझ्या कामावरच्या एका नवाहो बाईंचं घर त्याच रस्त्याला आहे. त्या म्हणाल्या, "आमचा कायदा नाही म्हणतो आणि ट्रक आमच्या दारावरून जातो." मला यावर काही बोलता आलं नाही.

कॅमेरूनला मी नेहमी थांबते. लिट्ल कोलोरॅडोच्या कठड्याशी पत्र्याच्या छपराखाली नवाहो बाया चांदीचे आणि फिरोज्याचे दागिने मांडून बसतात. जाणारा प्रत्येक जड ट्रक त्यांच्या मेजांवर धूळ उडवतो. त्याच परिसरात डझनावारी जुन्या खाणी आहेत. ताडपत्री बांधलेला ट्रक दिसला की विक्री थांबते आणि सगळ्या माना तिकडे वळतात.

---

वीजवाहक

कोरडी_नदी, चर्च रॉकबद्दल तुम्ही म्हणता ते पूर्ण खरं आहे आणि खाणकामगारांना अंधारात ठेवलं हा गुन्हाच होता. त्यांच्या भरपाईचा कायदा १९९० मध्ये आला, जून २०२४ मध्ये त्याची मुदत संपली तेव्हा अर्ज घेणंच बंद झालं. जुलै २०२५ मध्ये तो पुन्हा आणला आणि १९७१ नंतर, म्हणजे १९९० पर्यंत, काम केलेल्यांनाही त्यात घेतलं. हे आधीच व्हायला हवं होतं. आधी जुनं साफ करा, मग नवं काढा, ही मागणी मला न्याय्य वाटते. खाण कायमची बंद करावी यावर मात्र अजून सहमत नाही.

---

कलम_काना

वकिली करतो म्हणून कायद्याची बाजू मांडतो.

हवासुपाईंनी १९८६ च्या मंजुरीला न्यायालयात आव्हान दिलं होतं. खाणीची जागा आमच्यासाठी पृथ्वीमातेचं शरीर आहे, तिथे शाफ्ट खोदला तर आमचा धर्मच मोडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याआधी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कॅलिफोर्नियातल्या एका वनरस्त्याच्या खटल्यात (Lyng, उच्चारी ‘लिंग’, या आडनावाचा खटला) निकाल दिला होता की सरकार स्वतःच्या जमिनीचं काय करतं यामुळे कुणाच्या उपासनेला धक्का बसला तरी घटनेचा भंग होत नाही, जोवर सरकार त्यांना श्रद्धेविरुद्ध वागायची सक्ती करत नाही. त्याच आधारावर १९९० मध्ये हवासुपाई हरले. अपिलातही हरले. नंतर २०१३ मध्ये पर्यावरण संघटनांबरोबर पुन्हा गेले, २०२२ मध्ये तेही फेटाळलं गेलं.

या निकालाचा अर्थ असा की चर्च किंवा देऊळ बांधलेलं असेल, मालकीचं असेल, तर कायद्याला ते दिसतं. डोंगर, कुरण आणि झरा हेच ज्यांचं देऊळ आहे आणि ज्यांची जमीन आधीच काढून घेतलीय, त्यांना कायदा सांगतो की मालक सरकार आहे.

त्यामुळे जमातींच्या हातात उरतो तो १९०६ चा पुरावस्तू कायदा, ज्याखाली राष्ट्राध्यक्ष स्मारक जाहीर करतो. ग्रँड कॅन्यन स्वतः १९०८ मध्ये थिओडोर रूझवेल्टनं याच कायद्यानं राखलं. राल्फ कॅमेरून नावाच्या माणसानं कड्यावर आणि आत्ताच्या हवासुपाई गार्डन्सच्या जागी खाणदावे ठोकून ठेवले होते आणि पायवाटेवर तो टोल घ्यायचा. १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला हुसकून लावलं आणि एवढा मोठा प्रदेशही या कायद्याखाली स्मारक होऊ शकतो हे मान्य केलं. खाणदावे हे जमीन बळकावायचं साधन असतात हे तेव्हाही लोकांना कळत होतं.

पण एका राष्ट्राध्यक्षानं दिलेलं दुसरा काढून घेतो का? युटामधल्या बेअर्स इअर्सचं तेच झालं. ओबामांनी २०१६ मध्ये जाहीर केलं, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये ८५ टक्के कापलं, बायडन यांनी २०२१ मध्ये पूर्ववत केलं. व्हाइट मेसा गिरणी त्याच बेअर्स इअर्सच्या शेजारी आहे आणि तिच्याजवळ ऊट माउंटन ऊट जमातीची वस्ती आहे. २०२५ मध्ये न्याय खात्यानं १९३८ पासूनचं स्वतःचं मत फिरवलं आणि राष्ट्राध्यक्ष स्मारक रद्दही करू शकतो असं लिहून दिलं. अ‍ॅरिझोनाच्या विधिमंडळानं या स्मारकाविरुद्ध केलेला दावा जानेवारी २०२५ मध्ये फेटाळला गेला, पण तो तुम्हाला दावा लावायचा अधिकारच नाही या मुद्द्यावर. मूळ प्रश्न तसाच आहे.

---

उंबरठा

थोडं वेगळं विचारतो, राग नसावा. उद्या प्रत्येक डोंगर पवित्र म्हटला तर काहीच करता येणार नाही. रस्ता नाही, धरण नाही, खाण नाही. याला मर्यादा कुठे?

---

सातपुडा

उंबरठा, गडचिरोलीत काम केलंय, तिथला अनुभव सांगतो. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे. दर जानेवारीत तिथे जत्रा भरते, आसपासच्या गावांचे लोक चालत येतात. त्याच डोंगरात लोहखनिज आहे आणि आज तिथून ट्रकच्या रांगा निघतात. लोक ‘प्रत्येक डोंगर आमचा देव’ असं कधी म्हणाले नाहीत. त्यांनी नेमका डोंगर दाखवला, नाव सांगितलं, जत्रेचा दिवस सांगितला.

आपल्याकडे निदान एक दाखला आहे. ओडिशातल्या नियमगिरीच्या प्रकरणात १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं वनहक्क कायद्याच्या आधारे सांगितलं की डोंगरिया कोंधांच्या देवाचा प्रश्न ग्रामसभा ठरवेल. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ठिकाणी बॉक्साइटच्या खाणीला नकार मिळाला. खाण झाली नाही. हवासुपाईंकडे ग्रामसभेसारखं हत्यारच नाही, हे वाचून आश्चर्य वाटलं. आपल्याकडे ते हत्यार कागदावर आहे, बऱ्याच ठिकाणी वापरू देत नाहीत, तो वेगळा धागा होईल.

युरेनियमचंच बोलायचं तर झारखंडमधल्या जादुगुडाजवळच्या हो आणि संथाळ गावांमध्ये डॉ. संघमित्रा आणि सुरेंद्र गाडेकर यांनी घरोघरी आरोग्य पाहणी केली होती. ती जरूर वाचावी. तेलंगणातल्या नल्लमलाच्या जंगलात, अमराबादच्या व्याघ्र प्रकल्पात, युरेनियमचा शोध घ्यायचं ठरलं तेव्हा चेंचू आदिवासी आणि शहरातली मंडळी एकत्र उठली. २०१९ च्या सप्टेंबरात विधानसभेनं विरोधाचा ठराव केला.

---

माळरान

सातपुडा, मनापासून आभार.

उंबरठा, तुमचा प्रश्न रास्त आहे. रेड ब्यूटबद्दल खुद्द वन खात्यानंच २०१० मध्ये मान्य केलं की ती ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदीस पात्र अशी पारंपरिक सांस्कृतिक जागा आहे. ज्या खात्यानं ही मान्यता दिली त्याच खात्यानं दोन वर्षांनी खाणीचा हक्क वैध ठरवला. पावित्र्य सिद्ध करण्यात जमात कमी पडलेली नाही. सिद्ध करूनही पुढे काही घडत नाही.

मर्यादेचं म्हणाल तर हवासुपाईंनी जे गमावलं त्याची यादी करा. शिकारीचं पठार, कड्यावरची घरं, दरीतली शेतं. त्यांच्या परिषदेतून काम केलेल्या कार्लेटा टिलूसी कित्येक वर्षं या खाणीविरुद्ध बोलताहेत, आणि त्यांच्याआधी रेक्स टिलूसी बोलत होते. एका पिढीनं सुरू केलेला विरोध दुसरी पिढी चालवते आहे. लहानशा जमातीनं, ज्यांचं गाव दरीच्या तळाशी आहे, वॉशिंग्टनपर्यंत पुन्हा पुन्हा जायचं, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगायचं. मर्यादा त्यांनी किती पाळावी?

---

रानवाटा

वाचतेय. आमच्या ट्रेकिंग ग्रुपला पुढच्या वर्षी हवासू धबधब्यांना जायचंय. परवाने महाग आहेत म्हणून कुरकुर चालली होती, हा धागा ग्रुपवर पाठवला. ऑर्फन खाण नावाचं काहीतरी कड्यावर आहे असं ऐकलं होतं, ते हेच का?

---

भूगर्भ

नाही, ऑर्फन वेगळी. ती तर थेट राष्ट्रीय उद्यानात, दक्षिण कड्याच्या अगदी काठावर. १८९३ चा तांब्याचा दावा, १९५० च्या दशकात तिथे युरेनियम सापडलं आणि १९६९ पर्यंत खाण चालली. नंतर तिच्या सफाईवर सरकारी पैसा खर्च झाला. तिच्या खालच्या हॉर्न क्रीकचं पाणी पिऊ नका असं उद्यान खातं आजही पदयात्रींना सांगतं. कुणाला ‘खाण बंद झाल्यावर काय होतं’ याचं जवळचं उदाहरण हवं असेल तर हे आहे. तिथेही ब्रेशिया पाइपच होता.

---

माळरान

रानवाटा, जरूर जा. परवान्याचे पैसे जमातीला मिळतात आणि तीच त्यांची मुख्य कमाई आहे, तेव्हा कुरकुर नको. गावातून जाताना लोकांचे, घरांचे फोटो काढू नका, ते स्पष्ट सांगतात. ओढ्यात साबण वापरू नका. रेड ब्यूटवर चढायला पायवाट आहे, कायद्यानं बंदी नाही. मी जात नाही आणि तुम्हीही जाऊ नये असं मला वाटतं.

अमेरिकेत मतदान करणाऱ्यांनी आपल्या खासदाराला दोन गोष्टी लिहाव्यात: स्मारकाची हद्द कमी होऊ देऊ नका, आणि १९८६ च्या अहवालावर चाललेल्या खाणीचा नव्यानं अभ्यास करा, तोवर काम थांबवा. केंद्रीय खाती एखाद्या निर्णयावर जनतेची मतं मागवतात तेव्हा ती पाठवायला नागरिकत्व लागत नाही. एच-१ व्हिसावर असलात तरी पाठवता येतात. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी पत्राचा मसुदा टाकतेय, इथे कुणाला हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

भूगर्भ

मसुद्यात एक मागणी घाला: खालच्या रेडवॉल-मुआव साठ्यात खाणीच्या भोवती पुरेशा निरीक्षण विहिरी हव्यात, त्यांची मोजणी कंपनीखेरीज दुसऱ्या कुणाकडे असावी, आणि खाण बंद झाल्यावरही कित्येक दशकं ती चालू राहावी. तिथलं पाणी सावकाश चालतं. आज मिसळलेलं सुपाईच्या झऱ्यात दिसेपर्यंत कंपनी अस्तित्वात असेलच असं नाही, म्हणून खर्चाची तरतूद आत्ताच करून घ्यायला हवी.

---

वीजवाहक

या मागणीवर माझीही सही घ्या. मसुदा मलाही पाठवा.